एकट्या प्रवाशाची वही : कार्स्टेन नीबूर आणि जुने कुवेत



कुवेत म्हटले की आज कोणाच्याही डोळ्यांपुढे तेल येते. १९३८ साली बुर्गान येथे तेल सापडले, १९४६ साली तेलाचे पहिले जहाज परदेशी निघाले, आणि नंतर पोटापाण्यासाठी हिंदुस्थानातून हजारो माणसे त्या देशात गेली. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ. पण तेलाच्या आधीचे कुवेत कसे होते? लोक काय खात, कशावर जगत, संकट आले की कुठे पळत? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या जुन्या लेखांमध्ये एका जर्मन शेतकऱ्याच्या मुलाने लिहिलेला मजकूर फार मोलाचा मानला जातो. त्याचे नाव कार्स्टेन नीबूर. तो आमच्या पूर्वजांच्या मुंबईत वर्षभराहून अधिक काळ राहिला, तेथूनच एकटा पुढे निघाला, आणि त्याच्या नकाशात व ग्रंथात कुवेतचे नाव आले. आजच्या लेखात त्याचे चरित्र सांगण्याचा आमचा विचार आहे.

नीबूरचा जन्म १७ मार्च १७३३ रोजी उत्तर जर्मनीतील ल्यूडिंगवर्थ या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. आईवडील लवकर गेले, शाळा अर्धवट सुटली आणि मुलगा शेतावर राबू लागला. त्या भागात एकदा शेताच्या मापावरून तंटा झाला, तेव्हा जमीन मोजून देणारा माणूस गावात नव्हता, तो बाहेरून आणावा लागला. ही गोष्ट तरुण नीबूरच्या मनाला लागली, आणि आपण मोजणी शिकायची असे त्याने ठरवले. वयाची बाविशी आली तेव्हा तो हँबर्गला गेला आणि आपल्याहून लहान मुलांच्या बरोबरीने भूमिती शिकू लागला. १७५७ साली तो ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात पोचला. तेथे टोबियास मायर हा मोठा गणिती होता. चंद्र आणि तारे यांतले अंतर मोजून आपण पृथ्वीवर किती पूर्वेला वा पश्चिमेला आहोत, हे काढण्याची रीत मायरने त्याला हाताला धरून शिकवली. उशिरा शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याला चांगला गुरू भेटला की तो कुठवर जातो, हे आम्हा शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच विद्यापीठातील मिखाएलिस नावाच्या पंडिताने डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याला एक योजना सुचवली. अरबस्तानात विद्वान पाठवावेत, तेथील भाषा, झाडे, प्राणी, चालीरीती आणि जुने लेख यांचा अभ्यास करवावा, अशी ती योजना होती. राजाने ती मानली. मंडळी ठरली ती अशी: भाषापंडित फोन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, मोजणीदार नीबूर आणि त्यांचा नोकर बेर्गग्रेन. नीबूरला प्राध्यापक ही पदवी देऊ केली होती. आपली विद्या तेवढी नाही असे म्हणून त्याने ती नाकारली आणि लेफ्टनंटचा साधा हुद्दा घेतला. खर्चाची पेटी मात्र त्याच्याच हाती आली, कारण त्याच्यावर सर्वांचा भरवसा होता.

४ जानेवारी १७६१ रोजी ही मंडळी कोपनहेगनहून जहाजात बसली. वाचकांना तारीख ओळखीची वाटेल. त्यानंतर दहाच दिवसांनी, १४ जानेवारीला, तिकडे पानिपतावर मराठ्यांचा घात झाला. इकडे समुद्रावर या मंडळींचे आरंभापासूनच बिनसले होते. वादळांनी जहाज वारंवार परत लोटले, आणि त्याहून वाईट म्हणजे फोन हावेन आणि फोर्सकोल यांचे आपसांत पटेना. कॉन्स्टँटिनोपलला असताना फोन हावेनने सोमल विकत घेतल्याचे कळले आणि इतरांना जिवाची भीती वाटू लागली. विद्वान माणसे भांडत होती. नीबूर मात्र प्रत्येक बंदरात उतरून कोन मोजी, रस्त्यांवर पावले मोजी आणि लोकांशी बोलत बोलत अरबी भाषा शिकत होता. कैरो शहराचा नकाशा त्याने असाच पायी फिरून काढला.

१७६२ च्या अखेरीस ते येमेनात पोचले. येथे नीबूरला आपली रीत सापडली. तो भाड्याचे गाढव करी, गाढवाचा मालक बाजूने चालत येई. डोक्यावर फेटा, अंगात साधे स्थानिक कपडे आणि बरोबर एक जुना गालिचा. बसायला तोच, जेवायला तोच, निजायलाही तोच. अशा वेशात तो गावोगाव फिरला. बरोबर लवाजमा नसल्यामुळे चोरांना त्याच्यात लुटण्यासारखे काही दिसेना, अधिकाऱ्यांना नजराणा मागावासा वाटेना, आणि गरीब लोक त्याला आपल्या ओसरीवर बसवून घेत. नकाशाचे काम तर झालेच, पण कॉफी कशी पितात, पाहुण्याला काय वाढतात, बाजारात भाव कसा ठरतो, हेही वहीत उतरत गेले.

मग तापाने गाठले. २५ मे १७६३ रोजी मोखा बंदरात फोन हावेन वारला. जुलैत यरीम गावी फोर्सकोल गेला. उरलेले सर्वजण आजारीच होते. ते साना शहर पाहून परतले आणि मोख्याहून मुंबईच्या जहाजात चढले. ऑगस्टच्या शेवटी, एका दिवसाच्या अंतराने, चित्रकार आणि नोकर हे दोघे भर समुद्रात मरण पावले. मुंबईला नीबूर आणि क्रामर दोघेच उतरले. १० फेब्रुवारी १७६४ रोजी वैद्य क्रामरही मुंबईत वारला. सहांपैकी एक उरला.

हा ताप म्हणजे हिवताप असावा असे आज मानतात. डासांमुळे तो पसरतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात त्याचे जंतू पाहिले, आणि पुढे १९०७ साली हाच रॉस आपल्या मॉरिशसमध्ये हिवतापाची पाहणी करायला आला होता. १८६६ ते १८६८ या वर्षांत आपल्या बेटावर तापाची जी साथ आली, तीत असंख्य कुटुंबे होरपळली. म्हणून नीबूरवर काय गुदरले असेल हे आपल्याला समजणे कठीण नाही. त्याची स्वतःची समजूत अशी होती की युरोपी माणसे गरम देशातही मांस आणि दारू सोडत नाहीत, म्हणून मरतात. कारण त्याला चुकीचे सापडले होते, पण त्यातून त्याने जो निश्चय केला तो त्याच्या फार उपयोगी पडला. ज्या देशात राहायचे त्या देशाचेच अन्न खायचे आणि तेथलेच कपडे घालायचे, असे त्याने ठरवले.

मुंबईत तो सप्टेंबर १७६३ पासून डिसेंबर १७६४ पर्यंत राहिला. तेव्हा मुंबई इंग्रज कंपनीच्या हातात होती, पण तिची बेटे अजून पुरती जोडली गेली नव्हती. समोरची साष्टी आणि वसई मराठ्यांकडे होती आणि पुण्यात तरुण पेशवे माधवराव पानिपताचे घाव भरून काढत होते. मुंबईची वस्ती नीबूरने सुमारे १,४०,००० धरली. एवढ्याशा जागेत हिंदू, मुसलमान, पारशी, पोर्तुगीज आणि इंग्रज आपापल्या रीतीने राहतात, याचे त्याला नवल वाटले आणि त्याने प्रत्येकाच्या चालीरीती लिहून घेतल्या. आजारातून नुकताच उठला असतानाही तो नावेने तीन वेळा घारापुरी बेटावर गेला आणि तेथील लेण्यांचे खांब, भिंती आणि मूर्ती मापून त्यांचे आराखडे व चित्रे काढली. चित्रकार तर वारला होता, म्हणून ते कामही त्यानेच केले. घारापुरीची इतकी काळजीपूर्वक केलेली मापे तोवर युरोपात कोणी पाहिली नव्हती. सुरतही तो पाहून आला.

मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजात बसला असता तर तो सुखाने घरी पोचला असता, आणि कोणी त्याला नावही ठेवले नसते. पण राजाचे काम अपुरे होते. डिसेंबर १७६४ मध्ये तो मस्कतकडे निघाला. आता भांडायला कोणी नव्हते आणि सल्ला द्यायलाही कोणी नव्हते. वाटेत लोक त्याला अब्दुल्ला या नावाने ओळखत. मस्कत, बुशहर आणि शिराझ करीत तो १७६५ च्या वसंतात पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यांपाशी आला. तेथे सुमारे तीन आठवडे तो भर उन्हात दगडांवरची बाणाच्या टोकांसारखी अक्षरे उतरवत बसला. लिपी एक नसून तीन आहेत हे त्याने ओळखले, आणि तिन्हींतली जी सोपी, तिची निरनिराळी चिन्हे त्याने मोजून काढली. पांढऱ्या दगडांवरून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीने त्याच्या डोळ्यांना जी इजा झाली, ती पुढे वाढतच गेली.

तेथून तो आखातातील खार्ग बेटावर आला. हे बेट तेव्हा डच लोकांकडे होते आणि आखाताच्या वरच्या भागातील नावा तेथे येत-जात. मग ऑगस्टमध्ये तो बसऱ्याला पोचला. याच टप्प्यात व्यापारी आणि खलाशी यांच्याकडून त्याला कुवेतची माहिती मिळाली. तो स्वतः कुवेतमध्ये उतरला नाही. आपण काय पाहिले आणि काय ऐकले हे वेगळे ठेवण्याची त्याला सवय होती. ऐकीव गोष्ट दोनतीन जणांना विचारून ताडून पाहायची आणि मगच लिहायची, हा त्याचा नियम. या नियमामुळेच दोनशे साठ वर्षांनंतरही अभ्यासक त्याचे पान उघडतात.

कुवेतविषयी त्याने दिलेली माहिती आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. गावाला दोन नावे होती. अरब त्याला कुवेत म्हणत, म्हणजे छोटा कोट. इराणी आणि युरोपी लोक त्याला ग्रेन म्हणत. बसऱ्याजवळच्या झुबेर गावाहून ते तीन दिवसांच्या वाटेवर होते. उतुब टोळीचे लोक तेथे राहत. ते मासेमारीवर आणि बहरीनच्या बाजूच्या मोत्यांवर जगत आणि त्यांच्याकडे ८०० हून अधिक होड्या होत्या. मोसम आला की जवळजवळ सगळे गाव समुद्रावर जाई आणि घरे ओस पडत. उतुबांचा स्वतःचा शेख होता, पण त्याच्यावर अल्-हसाच्या शेखाचे वर्चस्व होते. कधी कधी हे लोक ते झुगारून देत. मग अल्-हसाचे सैन्य चालून आले की कुवेतकर आपले सामानसुमान होड्यांत भरून फैलका नावाच्या लहान बेटावर जाऊन राहत.

माहिती एवढीच, पण तिच्यात एका गावाचे सगळे जीवन आले आहे. मोत्यांचा मोसम उन्हाळ्याचा. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून तळाशी जाई, शिंपले गोळा करी आणि दोरी हलवताच वरचा गडी त्याला ओढून घेई. अशा दिवसभर बुड्या. आणि मोत्यांना मोठे गिऱ्हाईक मुंबईचे. होड्या बांधायला लागणारे सागवान हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याहून येई आणि बसऱ्याकडचा खजूर होड्यांतून मुंबईला जाई. कुवेतचे व्यापारी मुंबईत पेढ्या ठेवून असत. हे नाते इतके घट्ट होते की १९६१ साली कुवेती दिनार येईपर्यंत त्या देशात रुपयाच चाले. कोकणातले आपले लोक नावेच्या मालकाला नाखवा म्हणतात, आणि कुवेतमध्ये नावेच्या कप्तानाला नोखदा म्हणतात. शब्द एकच, फारसीतून दोन्ही किनाऱ्यांवर गेलेला. ज्या समुद्रावरून आपले आजे-पणजे मॉरिशसला आले, त्याच समुद्राच्या दुसऱ्या कडेला ही माणसे राहत होती.

पुढची कथा थोडक्यात. बसऱ्याहून बगदाद आणि मोसुल करीत तो अलेप्पोला पोचला. १७६६ च्या उन्हाळ्यात जुने लेख शोधण्यासाठी तो सायप्रस बेटावर जाऊन आला, नंतर जेरुसलेम आणि दमास्कस पाहिले, आणि नोव्हेंबर १७६७ मध्ये कोपनहेगनला परतला. निघून जवळजवळ सात वर्षे झाली होती. ज्या राजाने पाठवले तो मरण पावला होता आणि नव्या दरबाराला या मोहिमेत फारसा रस उरला नव्हता. नीबूरने तक्रार न करता लिहायला घेतले. १७७२ साली अरबस्तानाचे वर्णन, १७७४ आणि १७७८ साली प्रवासाचे दोन भाग. शिवाय ज्याची काळजी घेणारे कोणी उरले नव्हते, त्या फोर्सकोलचे कागद त्याने नीट लावले आणि १७७५ व १७७६ साली ते मित्राच्या नावाने छापले. मेलेल्या सोबत्याचे श्रम वाया जाऊ द्यायचे नाहीत, एवढाच त्यामागचा हेतू.

१७७८ साली तो मेल्डॉर्फ या लहान गावात सरकारी कारकुनाच्या जागेवर गेला आणि उरलेले आयुष्य तेथेच राहिला. त्याचा मुलगा बार्टोल्ड पुढे रोमचा मोठा इतिहासकार झाला. त्याच्या लहानपणी बाप त्याला निजताना पूर्वेकडच्या गोष्टी सांगे. म्हातारपणी नीबूरची दृष्टी पूर्ण गेली. पण त्याआधी त्याला एक समाधान मिळाले. १८०२ साली ग्यॉटिंगेनमधील ग्रोटेफेंड नावाच्या शाळामास्तराने नीबूरच्या नकलांवरून त्या बाणाकृती अक्षरांतली दरायस आणि झर्क्सीस या राजांची नावे वाचून दाखवली. ज्यासाठी डोळे गेले ते अखेर वाचले गेले, आणि वाचणारा एक शिक्षकच होता, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो. २६ एप्रिल १८१५ रोजी नीबूरचे निधन झाले.

कुवेतशी त्याचा संबंध मात्र संपला नाही. १९५८ साली डेन्मार्कहूनच पुराणवस्तुशास्त्रज्ञांची एक तुकडी फैलका बेटावर आली. तिने तेथे उत्खनन करून ग्रीक काळातला किल्ला आणि त्याहून फार जुन्या दिलमुन लोकांच्या शिक्का उमटवण्याच्या मुद्रा बाहेर काढल्या. ज्या बेटाकडे कुवेतकर जीव वाचवायला पळत असे नीबूरने लिहिले, ते बेट चार हजार वर्षे वस्तीचे आहे हे तेव्हा कळले. मग २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले, आणि त्या काळात फैलकाच्या रहिवाशांना बेट सोडून मुख्य भूमीवर जावे लागले. १९९१ साली देश मुक्त झाला, बेटावरचे सुरुंग काढण्यात आले, पण बहुतेक कुटुंबे परत राहायला गेली नाहीत. नीबूरच्या काळी लोक किनाऱ्यावरून बेटावर पळत. या वेळी बेटावरून किनाऱ्यावर पळावे लागले. बेटावर राहणाऱ्यांना या गोष्टीचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

वाचकहो, नीबूर फार मोठा पंडित नव्हता. त्याच्याहून विद्वान माणसे त्याच नावेत होती. पण ती आपले घर आपल्याबरोबर घेऊन फिरत होती. नीबूरने दुसऱ्याचा वेश आणि दुसऱ्याची भाकरी आपली मानली, म्हणून त्याला दुसऱ्याचे घर आतून दिसले. आणि जेथे जाता आले नाही तेथले त्याने ऐकून लिहिले, पण पाहिल्याचा आव आणला नाही. आमच्या तरुण मुलामुलींपैकी कोणी उद्या आखातात नोकरीला जाईल, कोणी मुंबई-रत्नागिरीला पूर्वजांचे गाव शोधायला जाईल. त्यांनी बरोबर एक वही न्यावी. बाजार, स्वयंपाकघर आणि बंदर यांत काय चालते ते लिहावे. पाहिलेले एका पानावर, ऐकलेले दुसऱ्या पानावर.

आणि ज्यांना कुठे जायचे नाही त्यांनाही काम आहे. घरातल्या वृद्धांना आपला आजा कोणत्या गावचा, कोणत्या जहाजाने आला आणि कोणत्या साखर-मळ्यावर उतरला, हे या रविवारी विचारावे. एकाने सांगितलेले दुसऱ्याला विचारून ताडावे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्याशी जुळवून पाहावे. वृद्ध माणसे रोज थोडी थोडी विसरत असतात, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.